त्रिभुवनदास पटेल

आपल्या पेल्यातील दुधामागे गोठ्यात राबणाऱ्यांचे कष्ट असतात, हे त्रिभुवनदास पटेलांनी ओळखले होते. त्यांचा जन्म १९०३ साली गुजरातेतील आणंद येथे झाला. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावासही भोगला.

१९४५ साली आणंदचे दूध मुंबईस जाऊ लागले. परंतु ते गोळा करण्याचा मक्ता एकाच खासगी कंपनीकडे होता. दूध नासणारे, ते घरी ठेवून शेतकरी करणार काय? मिळेल तो भाव तो मुकाट्याने घेई. तेव्हा सरदार वल्लभभाईंनी सहकारी संघ काढण्याचा सल्ला दिला. १९४६ साली शेतकऱ्यांनी १५ दिवस कंपनीला थेंबभरही दूध घातले नाही. नुकसान त्यांचेच होत होते, पण कोणी डगमगला नाही. अखेर सरकार नमले.

मग त्रिभुवनदास गावोगाव पायी हिंडले. प्रारंभी दोनच गावे संघात आली. दूध रोजचे जेमतेम २५० लिटर! पुढे वर्गीस कुरियन या तरुण अभियंत्यास त्यांनी आग्रहाने आणंदात ठेवून घेतले व कारभार निर्धास्तपणे त्याच्या हाती सोपविला. माणसाची अशी पारख विरळाच. याच संघाचे दूध-लोणी 'अमूल' या नावाने घरोघर पोहोचले. १९६३ साली दोघांनाही मॅगसेसे पुरस्कार लाभला. १९९४ साली त्रिभुवनदास निवर्तले. गावच्या संस्थेत सर्व जातींच्या माणसांनी एकाच रांगेत उभे राहून दूध घालण्याचा शिरस्ता त्यांच्या हयातीतच रुजला होता.