वाटाण्याच्या मेंडेलना माशीने चकवले

गाय फळवायची तर वळू कोणता, हे तुम्ही ठरवता. चांगला खिल्लार वळू शेजारच्या गावातून आणता, नाहीतर डॉक्टरला बोलावून कृत्रिम रेतन करून घेता. पण भुदरगड तालुक्यातल्या पाटगावात, मधाचे गाव म्हणून ज्याचे नाव झाले तिथे, एखाद्या मधपाळाला विचारून बघा. त्याच्या पेटीतली राणीमाशी कुठल्या नरांशी जुळली, हे त्याला सांगता येणार नाही. याच कोड्यापुढे ग्रेगोर मेंडेल यांनीही हात टेकले होते. शाळेत वाटाण्याचा धडा होता ना, तेच हे मेंडेल.

१८२२ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले. घरी फळबाग होती, मधमाश्याही होत्या. शिक्षणाला पैसा पुरेना म्हणून १८४३ मध्ये ब्रनो शहरातल्या ख्रिस्ती मठात गेले. शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाले, तरी मठाने त्यांना व्हिएन्नाला शिकायला धाडले. पुढे १८५६ पासून सात-आठ वर्षे मठाच्या बागेत एकच ध्यास, वाटाणा. फूल उमलण्याआधी कळी उघडायची, चिमट्याने पुंकेसर काढायचे, हव्या त्या रोपाचे पराग लावायचे आणि वर पिशवी बांधायची. आई कोण, बाप कोण, सगळे वहीत. म्हणून तर आनुवंशिकतेचा हिशेब लागला. तो १८६६ मध्ये छापून आला, पण फारशी दखल कुणी घेतली नाही.

१८६८ मध्ये ते मठाचे प्रमुख झाले. नंतर मठामागच्या उतारावर त्यांनी माश्यांसाठी घर बांधले, इटली आणि सायप्रसच्या जातींच्या माश्या आणवल्या. वाटाण्यासारखाच माश्यांचा संकर करायचा होता. पण इथे पिशवी बांधणार कशाला? तरुण राणी पेटी सोडून उंच उडते आणि हवेतच नराशी जुळते. मेंडेलनी जाळीचा पिंजरा करून पाहिला. आत कोवळी राणी आणि निवडक नर सोडले. मिलन काही झाले नाही. शिवाय राणी एका नरावर थांबत नाही, दहा-बारा नरांशी जुळते. ही गोष्ट तर त्या काळी कुणाला नीट ठाऊकच नव्हती.

शेवटची वर्षे मठावरच्या कराविरुद्ध सरकारशी भांडण्यात गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी ते वारले. वाटाण्याचे मोल जगाला १९०० साली कळले. माशीचे कोडे त्याहून उशिरा सुटले. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत लॉइड वॉटसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक पिचकारीने राणीचे कृत्रिम रेतन करून दाखवले.

पिचकारी सगळ्यांना कुठली जमायला? युरोपात काही जण राण्या बेटावर नेऊन ठेवतात, तिथे दुसरे नरच नसतात. आपल्या सह्याद्रीत झाडाच्या ढोलीढोलीत सातेरी माशी, तेव्हा तशी मोकळी जागा सापडणे अवघड. मग एवढे तरी करता येते: राण्या चांगल्या पेटीतूनच वाढवायच्या, आणि त्याच वेळी आसपासच्या चांगल्या पेट्यांतली नरांची मोठी घरे कापायची नाहीत.