खेळ हीच भाकरी : बाळू पालवणकर

भातकापणी आटोपली की महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांतली मोकळी झालेली शेते मैदाने होतात. सावित्रीच्या काठाकाठाने वसलेल्या गावांत कबड्डीचे सामने लागतात, टेनिस चेंडूवरच्या क्रिकेटच्या स्पर्धा भरतात आणि नोकरीनिमित्त मुंबईला राहणारी तरुण मंडळी रजा काढून आपल्या गावच्या संघासाठी धावत येतात. या सामन्यांना आता रोख बक्षिसे, छापील गणवेश आणि ध्वनिक्षेपकावरचे समालोचन यांची जोड मिळाली आहे. २००८ साली आयपीएल आली, २०१४ साली प्रो कबड्डी लीगने मातीतल्या कबड्डीला मॅटवर आणि दूरचित्रवाणीच्या प्रकाशझोतात नेले. त्याबरोबर एक तक्रारही गावोगाव पोहोचली. खेळ आता खेळ राहिला नाही, त्याचा धंदा झाला. गांभीर्य आले आणि गंमत गेली, अशी ती तक्रार आहे.

या तक्रारीमागे एक गृहीतक दडलेले असते. पूर्वी माणसे निव्वळ मौजेसाठी खेळत, पैसा आला आणि मौज आटली, असे ते गृहीतक. ते पारखून पाहायचे तर भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील एका माणसाचे आयुष्य पाहावे लागते. या माणसाने क्रिकेटच्या मैदानात पहिले पाऊल टाकले ते खेळाडू म्हणून नव्हे, तर नोकर म्हणून. खेळ हीच त्याची भाकरी होती. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. आडनाव मात्र कोकणातल्या पालवण गावाचे. वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि त्या नोकरीमुळेच हे कुटुंब पुण्यात स्थिरावले. कोकणातल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींसाठी लष्कर हा त्या काळी गावगाड्याच्या जाचातून बाहेर पडण्याचा मोठा मार्ग होता. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर याच मार्गाने शिकले आणि सेवानिवृत्तीनंतर अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी घेऊन उभे राहिले. ब्रिटिश सरकारने या जातींची लष्करभरती थांबविली, तेव्हा १८९४ साली वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. लष्कराचा दरवाजा असा बंद होत असतानाच बाळू पालवणकर पुण्यातल्या क्रिकेटच्या मैदानावर कामाला लागले होते. हाती होता झाडू आणि रूळ.

पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायची, ती रुळायची आणि सभासदांना सराव हवा असेल तेव्हा चार चेंडू टाकायचे, असे ते काम होते. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते साहेबांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. खेळपट्टीची निगा राखणे, जाळी लावणे, मैदानाच्या रेघा आखणे ही रोजची कामे. पण हळूहळू साहेबांच्या ध्यानात आले की हा मुलगा डाव्या हाताने संथ फिरकी टाकतो आणि त्याचा चेंडू दोन्ही बाजूंना वळतो.

या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी होता. त्याच्या आद्याक्षरांच्या उच्चारावरून हिंदी प्रेक्षकांनी त्याचे नाव ‘जंगली’ पाडले होते. तो त्या काळचा भारतातला नामांकित गोरा फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि तासन्‌तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनी आपल्याला बाद केले की तो दर खेपेस आठ आणे देई, असे सांगितले जाते. चार रुपये महिना मिळविणाऱ्या माणसाला आठ आणे म्हणजे जवळपास चार दिवसांची मजुरी. पूना क्लबात बाळूंनी असंख्य चेंडू टाकले; पण बॅट त्यांच्या हाती कधी दिली गेली नाही. फलंदाजी ही साहेबांची चैन होती आणि गोलंदाजी हे नोकराचे काम.

एकाच जाळीत, एकाच चेंडूवर दोन माणसे खेळत होती. एकाला तो विरंगुळा होता, दुसऱ्याला रोजगार. तरीही खेळातली खरी गंमत कोणाच्या हाती होती, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. फिरकी ही मुळातच खोड काढण्याची कला आहे. चेंडूला उंची देऊन फलंदाजाला पुढे बोलवायचे, टप्पा अलगद आखूड करायचा, बाहेर जाणारे दोन चेंडू दाखवून तिसरा आत आणायचा, हा सगळा लपंडावच. तो साधण्यासाठी बाळूंना रोज घाम गाळावा लागला. कष्टाने ती कला रुक्ष झाली नाही. उलट कष्टाविना ती त्यांच्या बोटांत उतरलीच नसती. कलेचे गांभीर्य आणि खेळाची मौज ही एकमेकांची वैरी असती, तर अशी फिरकी जन्मालाच आली नसती.

मौजेवर विरजण पडत होते ते दुसरीकडून. पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. बराच वाद होऊन त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर उच्चवर्णीय क्षेत्ररक्षक त्यांनी टाकलेला चेंडू झेलत आणि परत त्यांच्याच हाती देत. चामड्याचा तो चेंडू कोणालाही विटाळत नव्हता. पण चहाची वेळ झाली की इतर मंडळी पॅव्हेलियनमध्ये जात आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जेवणाची पंगतही निराळी. जे नियम खेळाने मोडले होते, ते विश्रांतीच्या वीस मिनिटांत पुन्हा लागू होत.

या चहाच्या भांड्याचे नाते महाडच्या पाण्याशी आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडून संमत करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे सर्वांचे झाले. पाण्याला हात लावण्यासाठी मात्र २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही झाले. तळ्यावरचा हक्क मान्य करणारा उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. बाळूंचेही तसेच होते. धावफलकावर नाव होते, बळींची संख्या होती. नव्हता तो एका टेबलावर बसून चहा पिण्याचा हक्क.

पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला आले. तिथे हिंदू जिमखान्याकडून खेळत असताना त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली. १९०६ साली बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन संघांत सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी या सामन्यात आठ गडी बाद केले. धाकटे बंधू शिवराम हेही संघात होते. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस होते. या विजयाचा अर्थ मैदानापुरता राहिला नाही.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. संघाचा बहुतेक सामन्यांत पराभव झाला आणि प्रथम दर्जाचे चौदापैकी दोनच सामने जिंकता आले. महाराज काही सामन्यांनंतर संघातून बाजूला झाले. बाळू मात्र दुखऱ्या खांद्याने चेंडू टाकत राहिले. सर्व सामने मिळून त्यांनी ११४ गडी बाद केले. त्यांतले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी आणि लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात एकूण अकरा बळी ही त्यांची लक्षणीय कामगिरी.

ज्या इंग्लंडमध्ये ते खेळले, तिथेही क्रिकेट दोन वर्गांत विभागलेले होते. हौशी खेळाडू ते ‘जेंटलमेन’ आणि पगारी ते ‘प्लेअर्स’. अनेक मैदानांवर दोघांच्या खोल्या निराळ्या, मैदानात उतरण्याची फाटके निराळी, धावफलकावर नावे छापण्याची पद्धतही निराळी. पैसे न घेता खेळणे हे थोरपणाचे लक्षण मानले जाई. पण पोटाची चिंता नसलेल्यालाच हे थोरपण परवडत असे. १९६२ साली ही विभागणी अधिकृतपणे संपली. खेळ मौजेसाठीच असावा, हा आग्रह ज्यांनी सर्वाधिक धरला, त्यांनीच फाटकांचे आणि आद्याक्षरांचे नियम विलक्षण गांभीर्याने पाळले होते.

भारतात हे गांभीर्य कर्णधारपदाच्या रूपाने पुढे आले. १९१२ पासून मुंबईत हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांची चौरंगी स्पर्धा होऊ लागली. बाळू संघातले सर्वांत अनुभवी आणि यशस्वी गोलंदाज. त्यांना कर्णधार करावे, अशी मागणी होत राहिली. पण ते पद दर वेळी उच्चवर्णीय खेळाडूकडे गेले. १९२० साली तर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे होणारा अन्याय हे त्याचे कारण उघडपणे सांगितले. अखेर तडजोड झाली. बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावण्यात आले आणि कर्णधार एम. डी. पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ त्यांनी संघाचे नेतृत्व केले. तीन वर्षांनी, १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेले पद धाकट्याला मिळाले. या विठ्ठलरावांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले.

या स्पर्धांवर आणखी एक ओझे होते. संघ धर्माच्या नावाने खेळत, त्यामुळे प्रत्येक पराभव एका समाजाची मानहानी ठरे. १९४० साली महात्मा गांधींनी अशा सामन्यांविरुद्ध मत दिले आणि १९४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली. मैदानात उतरलेल्या अकरा जणांनी एका धर्माची प्रतिष्ठा खांद्यावर घ्यावी, ही अपेक्षा कोणत्याही पगारापेक्षा जड होती.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. डॉ. आंबेडकरांना त्यांच्याविषयी आदर होता. परंतु स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाळूंना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. त्याच वर्षी महाडच्या तळ्याचा निकाल लागला. मैदानातल्या पराक्रमाने जी दारे किलकिली झाली, ती उघडण्यासाठी लढा आणि न्यायालय लागले. एकट्या खेळाच्या आवाक्यातले ते काम नव्हते, आणि खेळाकडून तशी अपेक्षा धरणे हेही त्याच्यावर लादलेले ओझेच होते.

४ जुलै १९५५ रोजी बाळू पालवणकरांचे निधन झाले. ३३ प्रथम दर्जाच्या सामन्यांत १७९ बळी आणि प्रत्येक बळीमागे अवघ्या १५.२१ धावा, एवढा त्यांचा अधिकृत हिशेब. पुढे कित्येक वर्षे त्यांचे नाव फारसे घेतले गेले नाही. २००२ साली रामचंद्र गुहा यांच्या भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरील ग्रंथाने ते पुन्हा वाचकांसमोर आणले.

व्यावसायिक खेळाने स्वतःला फार मोठे समजू नये, हा सल्ला चुकीचा नाही. मात्र गांभीर्याची दोन रूपे वेगळी ओळखायला हवीत. गोलंदाज आपल्या टप्प्याविषयी, चढाईपटू आपल्या पदन्यासाविषयी गंभीर असतो, ते खेळाचेच अंग आहे. त्यातून मिळणाऱ्या पैशाने घर चालत असेल तर त्यात कमीपणा नाही. पदाची, प्रतिष्ठेची, कोण कुठे बसणार याची चिंता हे दुसरे गांभीर्य. ते बाहेरून येते आणि सगळी मौज खाऊन टाकते. चार रुपये पगाराने बाळू पालवणकरांचा खेळ नासला नाही. तो नासविण्याचा प्रयत्न केला तो पॅव्हेलियनबाहेर ठेवलेल्या मातीच्या भांड्याने, आणि ते भांडे तिथे ठेवणारे स्वतःला हौशी खेळाडू म्हणवत होते.