राज्यकर्त्यांचा धर्म आणि रमाबाईंची श्रद्धा

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे लहानसे स्थानक लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन या गावचे. रमाबाईंचे नाव निघाले की चर्चा बहुधा त्यांच्या धर्मांतरापाशी अडते. परंतु धर्मश्रद्धेने सार्वजनिक जीवनात कोणती वाट दाखवावी, हा प्रश्न त्यांच्या चरित्राने अधिक तीव्रतेने उभा केला आहे. कारण त्यांनी जो धर्म स्वीकारला, तोच त्या काळच्या राज्यकर्त्यांचाही धर्म होता.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करीत रमाबाई वाढल्या. दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी दोघांनाही गमावले. पुढे भावासह पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ साली वैधव्यही आले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच्या शाखा सोलापूर, पंढरपूर व बार्शी येथेही निघाल्या. आपल्या जिल्ह्याचा या बाईंशी आलेला संबंध इतका जुना आहे. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, अशी मागणी त्यांनी केली तीही याच वर्षी.

हे सारे बाप्तिस्म्यापूर्वीचे आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्त्रीच्या दुःखाची जाणीव त्यांना ख्रिस्ती धर्माने दिली नाही; ती त्यांनी स्वतःच्या आयुष्यातून मिळविली होती. श्रद्धेने त्या जाणिवेला आधार दिला. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी दीक्षा घेतली खरी, पण आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन केली नाही. चेल्टनहॅम येथे त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी तिचा निर्भीडपणे प्रतिवाद केला. सिद्धांतांच्या बाबतीतही आश्रयदात्या भगिनींचा शब्द त्यांनी अखेरचा मानला नाही. ख्रिस्ताला मान तुकविणे म्हणजे चर्चच्या सत्तेला मान तुकविणे नव्हे, अशी त्यांची धारणा होती.

अमेरिकेहून परतल्यावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि त्याच वर्षअखेर भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनास त्या काही स्त्रियांसह प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिल्या. राज्यकर्त्यांच्या धर्मात गेलेली बाई राज्यकर्त्यांकडे हक्क मागणाऱ्यांच्या मंडपात बसली, हे त्या काळी सामान्य नव्हते.

खरी कसोटी १८९७ साली लागली. पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरोघर झडत्या चालल्या होत्या आणि संशयितांना सक्तीने रुग्णालयांत व छावण्यांत नेले जात होते. आपल्या आश्रयातील एका मुलीवर ओढवलेल्या प्रसंगाचा दाखला देऊन रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून सरकारी व्यवस्थेतील स्त्रियांच्या हालांवर आणि असुरक्षिततेवर जाहीर टीका केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते आरोप दिशाभूल करणारे ठरविले. ते वर्ष असे होते की जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली, इंग्लंडमध्ये केलेल्या आरोपांबद्दल गोखल्यांना माफी मागावी लागली आणि टिळकांना राजद्रोहाखाली कारावास झाला. अशा वर्षी सरकारविरुद्ध लिहिणे हे सामान्य धैर्याचे काम नव्हते. राज्यकर्ता स्वधर्मीय आहे म्हणून त्याला सूट देण्याचा मोह तेथे सहज होता; रमाबाईंनी तो टाळला.

याचा अर्थ त्या सर्वथैव निर्दोष होत्या असा नव्हे. शारदा सदनात धार्मिक तटस्थता पाळण्याचे आश्वासन होते. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे वळला, तेव्हा रानडे व भांडारकरांसारखे हितचिंतकही १८९३ साली सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ‘केसरी’ने तर टीकेची झोड उठविली. निराधार मुलींच्या आश्रयस्थानात श्रद्धेचे आवाहन आणि श्रद्धेचा दबाव यांतील सीमा फार पुसट असते, हा आक्षेप केवळ द्वेषातून आलेला नव्हता. त्याचबरोबर हेही खरे की, दुष्काळात आणलेल्या मुलींसाठी इतके मोठे दार त्या वेळी दुसऱ्या कोणी उघडले नाही. १९०० च्या सुमारास मुक्तिसदनात सुमारे दोन हजार जीव राहत होते. तेथे शेती होती, हातमाग होते आणि छापखानाही होता. मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याच्या कामात त्यांची अखेरची वर्षे गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी वर्ष पुरे होण्यापूर्वीच मनोरमा गेली होती.

धर्म राजकारणात उतरला की तो बहुधा दोन रूपे घेतो. एक तर तो आपल्या माणसांची मते मोजू लागतो, नाही तर सत्तेच्या सावलीत सुरक्षित बसतो. रमाबाईंच्या चरित्रात तिसरी वाट दिसते. त्यांच्या श्रद्धेने त्यांना कोणताही पक्ष दिला नाही, की मतदारांचा गट दिला नाही. दिले ते एक मोजमाप: दुबळ्याच्या वाट्याला काय येते, यावरून राज्य जोखायचे, आणि तेच माप स्वतःच्या समाजाला, स्वतःच्या चर्चला व स्वधर्मीय सरकारलाही लावायचे. या मापाने त्यांचे स्वतःचे कार्यही तपासावे लागते, हे वर आलेच. पण ख्रिस्ती असो वा अन्य कोणी, राजकारणात देवाचे नाव घेणाऱ्याची परीक्षा हीच आहे. सत्तेवर आपलाच माणूस बसला असता तो बोलतो की गप्प बसतो?