खाणमालकाच्या घरातून पंतप्रधानपदापर्यंत : डी. एस. सेनानायके



आपल्या विहारात श्रीलंकेचे नाव नेहमी आदराने घेतले जाते. महेंद्र आणि संघमित्रा धम्म घेऊन तिथे गेले, बोधिवृक्षाची फांदी तिथे रुजली, हे आपल्या घरातल्या लहान मुलांनाही माहीत आहे. पण हा बौद्ध देश इंग्रजांच्या हातून सुटला तेव्हा त्याचा पहिला पंतप्रधान कोण होता, असे विचारले तर बरेच जण गप्प बसतील. ते होते डॉन स्टीफन सेनानायके. त्यांच्या जीवनात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि विचार करायला लावणारेही आहे.

त्यांचा जन्म १८८४ साली बोतले या गावी एका श्रद्धाळू बौद्ध घरात झाला. वडील डॉन स्पेटर यांनी ग्रॅफाइटच्या खाणीत पैसा कमावला. ग्रॅफाइट म्हणजे आपल्या पोरांच्या शिसपेन्सिलीत असते तेच. पण त्याचा खरा उपयोग धातू वितळवण्याच्या मुशी बनवण्यासाठी होई, म्हणून परदेशात त्याला मोठी मागणी होती. खाणीच्या पैशातून वडिलांनी नारळाचे मळे घेतले. दारूच्या ठेक्यातही त्यांची गुंतवणूक होती.

स्टीफन कोलंबोच्या सेंट थॉमस या मिशनरी कॉलेजात शिकले. पण पुस्तकात त्यांचा जीव फारसा रमला नाही. काही दिवस त्यांनी सरकारच्या भूमापन खात्यात कारकुनी केली, मग ती सोडून घरच्या कामात उतरले. रबराची लागवड केली, कहटगहाच्या ग्रॅफाइट खाणीचा कारभार पाहिला. १९१४ साली मादागास्करमधील ग्रॅफाइटचा धंदा पाहून येण्यासाठी जे सरकारी मंडळ गेले, त्यातही ते होते. माती, पाणी, पीक यांची पारख त्यांनी अशी प्रत्यक्ष कामातून मिळवली, आणि पुढे तीच उपयोगी पडली.

सार्वजनिक कामाची सुरुवात झाली ती दारूबंदीच्या चळवळीतून. १९१२ साली इंग्रज सरकारने माडीची नवी दुकाने काढायला सुरुवात केली. पंचशीलातले पाचवे शील सांभाळणाऱ्या समाजाला हे कसे रुचावे? गावोगाव सभा झाल्या. सेनानायके आणि त्यांचे दोघे भाऊ, डी. सी. आणि एफ. आर., या चळवळीत पुढे होते. ज्या घरात दारूच्या ठेक्याचा पैसा आला होता, त्याच घरातली मुलं दारूविरुद्ध उभी राहिली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९१५ साली कँडीतून सिंहली बौद्ध आणि मुसलमान यांच्यात दंगल पेटली. इंग्रजांनी लष्करी कायदा लावला आणि दारूबंदीच्या पुढाऱ्यांनाच राजद्रोही समजून तुरुंगात टाकले. तिघेही सेनानायके भाऊ आत गेले. हेन्री पेड्रिस या तरुणाला तर गोळ्या घातल्या. त्या तुरुंगवासाने सेनानायके यांना कायमचे राजकारणात आणले. त्यांचे भाऊ एफ. आर. हे चळवळीचे मोठे आधार होते; बुद्धगयेच्या यात्रेला आले असता १ जानेवारी १९२६ रोजी ते आपल्या भारतातच वारले. पुढची जबाबदारी धाकट्या भावावर पडली.

१९२४ साली सेनानायके विधिमंडळात बिनविरोध निवडून आले. १९३१ साली तिथे नवी राज्यघटना आली आणि स्त्री-पुरुष सर्वांना मत मिळाले. आपल्याकडे बाबासाहेब प्रौढ मतदानासाठी भांडत होते, त्या काळात शेजारच्या बेटावर ते लागूही झाले! याच स्टेट कौन्सिलमध्ये सेनानायके शेती आणि जमीन खात्याचे मंत्री झाले. हे खाते त्यांनी दीड दशक सांभाळले.

त्यांचे खरे मोठे काम ते हेच. उत्तरेकडचा कोरडा मुलूख एकेकाळी प्राचीन बौद्ध राजांच्या तलावांवर पिकत होता. ते तलाव फुटले, रान माजले, हिवतापाने गावं ओस पडली. महासेन राजाचा मिन्नेरिया तलाव, पराक्रमबाहूचा पराक्रम समुद्र यांची दुरुस्ती करून सेनानायके यांनी भूमिहीन कुटुंबांना तिथे वसवले. १९३५ चा जमीन विकास कायदा त्यांचाच. सरकारी जमीन कसायला द्यायची, पण ती सावकाराच्या घशात जाऊ नये, तिचे तुकडे पडू नयेत, अशी तजवीज त्यात होती. ज्यांनी दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह पाहिला किंवा ऐकला, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

१९४२ साली ते कौन्सिलचे नेते झाले. सप्टेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान झाले आणि ४ फेब्रुवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला, तोही वाटाघाटीने, रक्त न सांडता. इंग्रजांनी देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला होता. स्वतः बौद्ध असूनही त्यांनी बौद्ध धर्माला राजधर्म केले नाही. राज्य सर्व धर्मीयांचे असावे ही भूमिका ठेवली.

पण आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच १९४८ साली त्यांच्या सरकारने नागरिकत्वाचा कायदा केला. चहाच्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहत होते. बापाचा, आज्याचा जन्म लंकेतच झाल्याचा पुरावा आणा, असे त्यांना सांगितले गेले. मळ्यातल्या एका खोलीच्या चाळीत जन्मलेल्या माणसाने कागद आणायचा कुठून? सुमारे सात लाख लोक बेवतनी झाले, १९४९ मध्ये त्यांचे मतही गेले. यातले बहुसंख्य कोण होते? तमिळनाडूतून दुष्काळाने आणि जातीच्या जाचाने बाहेर पडलेले परैयर, पल्लर, चक्किलियर. म्हणजे आपलेच भाऊबंद! १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर लाखोंना भारतात पाठवायचे ठरले. मागे राहिलेल्यांचा प्रश्न २००३ च्या कायद्याने मिटेपर्यंत अर्धे शतक उलटून गेले.

मे १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले, तेव्हा तिथे सेनानायके यांचेच राज्य होते. त्याच वर्षी २६ जानेवारीला आपल्याकडे संविधान लागू झाले होते आणि त्यात कोट्यवधी निरक्षर, बिनजमिनीच्या माणसांना मत मिळाले होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा, म्हणजे बाबासाहेबांनी आपल्याला काय दिले ते कळेल.

२१ मार्च १९५२ रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर रपेट करताना सेनानायके घोड्यावरून पडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव डडली पंतप्रधान झाले. गल ओयाच्या धरणाला सेनानायके समुद्र हे नाव मिळाले, आणि त्या देशात त्यांना राष्ट्रपिता म्हणतात.

ज्याने भूमिहीनाला जमीन दिली, त्याच्याच हातून मजुराचे मत गेले. बौद्ध देश, बौद्ध पुढारी, तरीही करुणा मळ्याच्या कुंपणापाशी थांबली. म्हणून बांधवांनो, कोणाचीही थोरवी मोजताना सर्वांत खालच्या माणसाच्या पदरात काय पडले, ते आधी पाहावे. आणि आपल्या घरातल्या प्रत्येकाचे नाव मतदार यादीत आहे ना, जन्माचे दाखले जपून ठेवले आहेत ना, हे आजच तपासावे. कागद नसल्याची शिक्षा किती पिढ्या भोगावी लागते, ते या चरित्रात दिसते.

नमो बुद्धाय! जयभीम!