नेहरूंनाही न सोडणारा 'शंकर'; आणीबाणी आली अन् २७ वर्षांचं साप्ताहिक स्वतःच बंद केलं

आज पुढाऱ्याचं व्यंगचित्र मोबाईलवर आलं की आपण हसतो अन् पुढं ढकलतो. देशात हा प्रकार रुजवला तो केशव शंकर पिल्लै या माणसानं. सगळा देश त्यांना नुसतं 'शंकर' म्हणूनच ओळखायचा.

शंकर यांचा जन्म ३१ जुलै १९०२ चा, केरळातल्या कायमकुळम गावचा. शाळेत गुरुजी डुलकी घेत होते, या पोरानं त्यांचं तसंच चित्र काढलं. हेडमास्तर भडकले, पण काकांनी पोराचा हात ओळखला. पुढं कायदा शिकायला शंकर मुंबईत आले. शिक्षण अर्धवट सुटलं, सिंदिया या जहाज कंपनीत नोकरी धरली. नोकरी सांभाळून मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांना चित्रं द्यायला लागले. म्हणजे त्यांच्या रेषेला पहिली जागा मिळाली ती मुंबईतच. संपादक पोथन जोसेफ यांनी ती हेरली आणि १९३२ साली त्यांना दिल्लीला 'हिंदुस्तान टाइम्स'मध्ये नेलं.

राज्य गोऱ्या साहेबाचं होतं, तरी व्हाइसरॉय शंकर यांच्या चित्रातून सुटले नाहीत. टोचणी आपल्या पुढाऱ्यांनाही असायची. १९३९ साली जिनांवरच्या एका चित्रावरून खुद्द गांधीजींनी त्यांना पत्रातून समज दिली. चेष्टा करताना वस्तुस्थिती सोडू नये आणि चेष्टेनं कुणाला चावा घेऊ नये, असा त्याचा मतलब होता.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली त्यांनी 'शंकर्स वीकली' हे स्वतःचं साप्ताहिक काढलं. उद्घाटनाला पंतप्रधान नेहरू आले आणि मलाही सोडू नका, असं सांगून गेले. शंकर यांनी ते मनावरच घेतलं! मे १९६४ मध्ये त्यांनी थकलेले, हाडं दिसणारे नेहरू मशाल घेऊन पळताना काढले. मागं शास्त्री, मोरारजी, इंदिरा गांधी अशी वारसदारांची रांग. चित्र छापून दहा दिवस झाले आणि नेहरू गेले. एवढं झोंबणारं चित्र आज काढलं तर काय होईल, ते वाचकांनीच ठरवावं.

शंकर यांची प्रत्येक रेष बरोबरच होती, असं मात्र नाही. १९४९ साली राज्यघटनेला वेळ लागतोय म्हणून त्यांनी घटनेची गोगलगाय काढली. तिच्यावर चाबूक घेतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मागं चाबूक उगारलेले नेहरू. तो चाबूक गोगलगायीवर की बाबासाहेबांवर? तब्येतीची पर्वा न करता राबणाऱ्या माणसाबद्दल असं चित्र अनेकांना लागलं, आणि ते लागणं खोटं नव्हतं. हेच चित्र पुढं अकरावीच्या पुस्तकात आलं. २०१२ साली त्यावरून संसदेत गदारोळ झाला, पुस्तकाच्या दोन सल्लागारांनी राजीनामे दिले. त्यातल्या एका प्राध्यापकांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोडही झाली. राग समजू शकतो, तोडफोडीचं समर्थन होत नाही.

२५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. छापायच्या आधी मजकूर सरकारी माणसाला दाखवायचा, असा नियम आला. रेडिओ तर सरकारचाच. त्यावर दिवसभर वीस कलमी कार्यक्रमाचं गुणगान. साप्ताहिकावर बंदी आलेली नव्हती, तरी ३१ ऑगस्ट १९७५ चा अंक काढून ७३ वर्षांच्या शंकर यांनी ते स्वतःच बंद केलं. हुकूमशाहीला हसणं परवडत नाही, कारण लोक हुकूमशहालाच हसतील, असं त्यांनी निरोपाच्या लेखात लिहून ठेवलं. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं.

त्यांच्याच साप्ताहिकात उमेदवारी केलेले अबू अब्राहम मात्र दुसऱ्या वर्तमानपत्रात काढत राहिले. डिसेंबर १९७५ मध्ये त्यांनी बाथटबमध्ये बसूनच अध्यादेशावर सही करणारे राष्ट्रपती रंगवले, आणि ते छापूनही आलं.

शंकर यांनी उरलेलं आयुष्य पोरांना दिलं. मुलांची आंतरराष्ट्रीय चित्रकला स्पर्धा, १९५७ साली स्थापलेला चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट, दिल्लीतलं देशोदेशीच्या बाहुल्यांचं संग्रहालय ही त्यांचीच कामं. २६ डिसेंबर १९८९ रोजी ते गेले. बाहुल्या पाहायला शाळांच्या सहली अजूनही तिथं येतात.