आचार्य शांतिसागर : आचारधर्म आणि कुंथलगिरीचा अंतिम उपदेश

मराठी जैन वाङ्मयाचा इतिहास पंधराव्या शतकातील गुणदास व गुणकीर्ती यांच्यापासून ग्रंथांच्या आधारे मांडला जातो. ज्यांनी ग्रंथरचना केली नाही, परंतु ज्यांच्या जीवनाने व वाणीने मराठी जैन समाजाचे धर्मभान घडविले, त्यांची नोंद अशा इतिहासात सहसा होत नाही. आचार्य शांतिसागर हे या वर्गातील सर्वांत ठळक नाव होय. त्यांच्या बाबतीत आचार हाच ग्रंथ होता. त्या आचाराला अखेरचे शब्दरूप लाभले ते धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी येथे, आणि तेही मराठीतून.

शांतिसागरांचा जन्म १८७२ मध्ये झाला. त्यांचे मूळ नाव सातगौडा. दूधगंगा व वेदगंगा यांच्या संगमाजवळील भोज (जि. बेळगाव) या गावच्या पाटील घराण्यात भीमगौडा व सत्यवती यांच्या पोटी ते जन्मले. कन्नड व मराठी या दोन्ही भाषा शेजारी नांदणाऱ्या या सीमाभागात त्यांची वाणी घडली. तत्कालीन रूढीनुसार बालवयात झालेला त्यांचा विवाह पत्नीच्या अकाली निधनाने संपुष्टात आला. पुनर्विवाहास त्यांनी नकार दिला. आईवडिलांच्या हयातीत त्यांनी गृहत्याग केला नाही. वैराग्य आणि कर्तव्य यांचा हा मेळ त्यांच्या पुढील जीवनाचाही स्थायीभाव ठरला.

१९२० मध्ये यरनाळ येथे त्यांनी देवेंद्रकीर्ती यांच्याकडून मुनिदीक्षा घेतली. त्या काळी दिगंबर मुनींची परंपरा अत्यंत क्षीण झाली होती आणि आहारविहाराच्या शास्त्रोक्त नियमांत शैथिल्य आले होते. शांतिसागरांनी त्यावर टीकाग्रंथ लिहिला नाही. नियम स्वतः पाळून दाखविले. १९२४ मध्ये सांगलीजवळील समडोळी येथे त्यांना आचार्यपद मिळाले. १९२७-२८ मध्ये संघासह सम्मेदशिखराची यात्रा करून ते पुढे उत्तर भारतात विहार करीत राहिले. शतकानुशतके दक्षिणेपुरता उरलेला नग्न मुनींचा विहार या यात्रेमुळे उत्तरेस पुन्हा परिचित झाला. समाजाने त्यांना 'चारित्रचक्रवर्ती' ही पदवी दिली. पांडित्यापेक्षा चारित्र्याचा गौरव करणारी ही पदवी त्यांच्या कार्याचे स्वरूप नेमके सांगते.

तथापि ग्रंथांविषयी ते उदासीन नव्हते. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर टिकलेल्या षट्खंडागमपरंपरेतील काही भाग नष्ट झाल्याचे कळल्यावर त्यांच्या प्रेरणेने हे सिद्धान्तग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेण्यात आले. हे ताम्रपट फलटण येथे ठेवण्यात आले. स्वतः काही न लिहिणाऱ्या आचार्यांनी पूर्वसूरींचे शब्द धातूत जपले, ही बाब लक्षणीय आहे.

त्यांच्या चरित्रातील वादाचा प्रसंगही टाळता येत नाही. मुंबई प्रांताचा १९४७ चा हरिजन मंदिरप्रवेश कायदा जैन मंदिरांना लागू करण्यास त्यांचा विरोध होता. जैन धर्म हा हिंदू धर्माहून स्वतंत्र आहे, ही त्यांची भूमिका होती आणि तिच्यासाठी १९४८ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी अन्नधान्य वर्ज्य केले. अकलूज येथील प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा १९५१ चा निर्णय या भूमिकेस अनुकूल ठरला. धर्माच्या स्वतंत्र अस्तित्वाचा प्रश्न त्यामुळे पुढे आला. सर्व जीवांच्या समतेचा उपदेश करणाऱ्या धर्मात माणसांच्या प्रवेशाचा प्रश्न मात्र न्यायालयीन निकालाने सुटणारा नव्हता. अभ्यासकाने या दोन्ही बाजू एकत्रच पाहिल्या पाहिजेत.

वार्धक्यात त्यांची दृष्टी मंदावली. चालताना भूमीवरील व आहारातील सूक्ष्म जीव पाहता येत नसतील, तर अहिंसा महाव्रताचे पालन अशक्य होते. हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या देहाला लागू केला. देशभूषण व कुलभूषण या मुनींची निर्वाणभूमी मानल्या जाणाऱ्या कुंथलगिरीवर १४ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांनी सल्लेखना स्वीकारली. तेव्हा हा परिसर हैदराबाद राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात होता. या काळातच त्यांनी आपले आचार्यपद शिष्य वीरसागर यांना दिले.

८ सप्टेंबर रोजी, सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, त्यांनी केलेला सुमारे बावीस मिनिटांचा मराठी उपदेश ध्वनिमुद्रित झाला. आत्मा देहाहून भिन्न आहे, दररोज काही काळ तरी आत्मचिंतन करावे, सत्य व अहिंसा यांवर श्रद्धा ठेवावी आणि संयमाला भिऊ नये, हा त्याचा आशय. त्यात नवे तत्त्वज्ञान नाही. परंतु बोलणाऱ्याचा देह त्या क्षणी त्याच आशयाची प्रचीती देत होता. १८ सप्टेंबर १९५५ रोजी, छत्तिसाव्या दिवशी, त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे विस्तृत चरित्र सुमेरुचंद्र दिवाकर यांनी हिंदीत लिहिले. स्वतःची अखेरची वाणी मात्र शांतिसागरांनी मराठीला दिली. मौखिक धर्मोपदेशाला वाङ्मयेतिहासात स्थान द्यायचे असेल, तर कुंथलगिरीच्या या उपदेशाचा विचार गुणकीर्तींच्या 'धर्मामृत' या गद्यग्रंथाने आरंभिलेल्या परंपरेत करावा लागेल.