खोली, विद्यावेतन आणि बाबासाहेब

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात भाड्याच्या खोलीत राहून मच्छीमारांच्या घरांच्या प्रश्नावर संशोधन करणारा आपल्या समाजातला एक तरुण परवा आम्हाला भेटला. पाच महिने अधिछात्रवृत्तीचा हप्ता नाही, खोलीचे भाडे थकलेले. संशोधन सोडून गावी जावे का, असे तो विचारत होता. आम्ही उपदेश केला नाही. बाबासाहेबांच्या आयुष्यातील दहा वर्षे तेवढी सांगितली.

फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजी गेले. जूनमध्ये बडोदे संस्थानशी करार झाला. सयाजीराव महाराजांकडून दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली मिळाली, जात विचारणारे तिथे कोणी नव्हते. नवल भथेना हे पारशी सहाध्यायी तिथेच जिवलग मित्र झाले. विद्यावेतन, खोली आणि वेळ एकत्र मिळताच १९१५ मध्ये एम. ए. झाले. १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा निबंध आणि भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध लिहून झाला.

त्याच वर्षी ते लंडनला गेले. पण विद्यावेतनाची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबियाची पदवी हाती होती, पण राहायला खोली मिळेना. नाव बदलून पारशी सराईत उतरले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. संस्थानचा हा विद्वान अधिकारी बागेत झाडाखाली बसून रडला आणि मुंबईला परतला.

लंडनचा अभ्यास तीन वर्षे खोळंबला. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्सी. मिळाली. १९२५ मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी चलनावर साक्ष दिली, तिच्यामागे हाच अभ्यास होता.

बडोद्याचा अनुभव ते विसरले नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. पुढे मजूरमंत्री असताना त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या मिळवल्या.

अधिछात्रवृत्ती ही शासनाची मेहेरबानी नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. धोरणे ज्यांच्या जगण्यावर होतात, त्यांच्यातलाच अभ्यासक धोरण तपासायला बसावा, यासाठी ती आहे. हप्ता लांबला की संशोधकाची वर्षे जातात, आणि ती कोणताही शासन निर्णय परत देत नाही. हप्ता दरमहा ठरल्या तारखेला मिळावा, यासाठी संघटनांनी लढलेच पाहिजे. पण मुंबईतल्या ज्या विहाराकडे एखादी खोली रिकामी आहे, त्याने ती संशोधकाला दिली तर त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

तो तरुण तूर्त गावी जाणार नाही. त्याच्या थकलेल्या भाड्याची सोय मात्र आपल्यालाच करायची आहे.